उघडा पत्रा

सांगलीच्या बाजारपेठेत लोखंडाची जुनी पेढी चालवणाऱ्या एका कुटुंबाच्या गोदामात १९६७ सालची फियाट डिलाइट बावीस वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. पेढीवरचे थोरले, ज्यांना घरदार आणि बाजार दोन्ही अण्णाच म्हणतात, त्यांनी ती तरुणपणी घेतली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती तयार झाली होती, याचा अण्णांना मोठा अभिमान. मार्गशीर्षात नातीचे लग्न ठरले आणि वधूने याच गाडीतून सासरी जावे, असे घरात सर्वानुमते ठरले.

ज्येष्ठाच्या अखेरीस गाडी मिस्त्रींच्या स्वाधीन झाली. एकावर एक चढलेले तीन रंग उतरले. डाव्या मडगार्डवर, कधीकाळच्या धडकेची खूण झाकणारी बोटभर जाडीची लांबी निघाली. शेवटी रुपेरी, नितळ पत्रा उघडा पडला. संध्याकाळी अण्णा पाहायला आले. कितीतरी वेळ उभे राहून त्यांनी बॉनेटवर तळवा टेकला आणि म्हणाले, “एवढी स्वच्छ तर ही घेतली तेव्हाही दिसली नव्हती.”

तिसऱ्या दिवशी सकाळी बॉनेटवर तपकिरी पंजा उमटलेला होता. पाचही बोटे स्पष्ट, अंगठ्याजवळची रेघसुद्धा. हाताच्या घामात क्षार असतात. ते हवेतला ओलावा धरून ठेवतात आणि पत्र्यावर अदृश्य राहिलेला स्पर्श दोन-तीन दिवसांत गंजाच्या रूपाने प्रकट होतो. त्यातून बाहेर आषाढाची झड लागलेली. इतर भागांवरही पिवळसर झाक दिसू लागली होती.

धाकटा मुलगा घाईला आला. रेड ऑक्साइडचा एक हात मारून ठेवावा, पाऊस सरला की पुढचे पाहू, असा त्याचा विचार. मिस्त्रींनी मान हलवली. बाजारातला साधा प्रायमर वाळल्यावर वरून घट्ट दिसतो. पण त्यातून ओलावा झिरपतो. रंगाचे थर वर चढेपर्यंत त्याच्या एकट्याच्या भरवशावर पत्रा पावसाळाभर ठेवला, तर गंज आत राहून पसरतो आणि वर्षभराने नव्या रंगाला फोड येतात.

मग अण्णांनी आपल्या धंद्यातला उपाय सुचवला. गोदामात येणारा पत्रा तेलाचा पातळ हात घेऊनच येतो. तसेच तेल लावून ठेवले तर? मिस्त्री आदराने म्हणाले, “अण्णा, तुमचा पत्रा विकायचा असतो, हा रंगवायचा आहे. तेल सांध्यांत शिरलं की पुरतं निघत नाही. रंग मारताना तिथेच फाटतो, माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात.” पन्नास वर्षे लोखंड विकणाऱ्या माणसाने हे निमूटपणे ऐकून घेतले.

खरा पेच मात्र त्या पंजाचा होता. नात म्हणाली, “आजोबा, हा राहू द्या ना. त्याच्यावरूनच रंग मारू. कोणाला दिसणार नाही, पण आपल्याला ठाऊक असेल.” तिच्या बोलण्याने सारेच क्षणभर गप्प झाले. अण्णांची प्रकृती अलीकडे ठीक नसते, हे त्या गप्प राहण्यामागचे कारण सगळ्यांनाच कळत होते. मिस्त्रीही काही बोलले नाहीत.

अण्णांनी आपल्याच हाताचा ठसा जवळून न्याहाळला. “पुसून टाका,” ते म्हणाले. “खतावणीत एक चुकीची रक्कम प्रेमापोटी तशीच ठेवली, तर ती प्रत्येक पानावर पुढे ओढली जाते. वर कितीही सुंदर अक्षर काढा.”

त्यानंतर काम शिस्तीने झाले. मिस्त्रींनी उघडिपीचा दिवस धरला, कारण हवा फार दमट असताना प्रायमर मारणे त्यांना मान्य नव्हते. फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक लावून डाग विरवले. ते पत्र्यावर वाळू न देता स्वच्छ पाण्याने धुतले आणि लगेच फडक्याने व हवेच्या झोताने सांधेन्‌सांधे कोरडे केले. आम्लाचा अंश राहिला तर वरचा इपॉक्सी धरत नाही. मग जाडसर पॉलिशपेपरने पत्र्याला बारीक ओरखडे दिले, म्हणजे प्रायमरला धरायला जागा मिळते. शेवटी दोन फडकी घेतली. एक द्रावकात भिजवलेले, मळ सोडवण्यासाठी; दुसरे कोरडे, तो उचलून घेण्यासाठी. एकाच फडक्याने पुसले तर मळ नुसता इकडचा तिकडे होतो. येथून पुढे हातमोज्यांशिवाय कोणीही पत्र्याला शिवायचे नाही, असा नियम झाला आणि तो अण्णांनाही लागू झाला.

त्याच दुपारी दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचे दोन हात चढले. प्रायमर आणि त्याचा हार्डनर ठरल्या मापानेच मिसळला. हा थर ओलाव्याला सहजासहजी वाट देत नाही आणि पत्र्याला घट्ट बिलगतो. मडगार्डची लांबीही आता उघड्या पत्र्यावर नव्हे, या थरावर भरली गेली, कारण लांबी स्वतः पाणी शोषते. पुढच्या हातासाठी डब्यावर दिलेली मुदत टळली, तेव्हा मिस्त्रींनी पुन्हा बारीक पेपर फिरवला. मगच वरचे थर दिले. रंग पुरता वाळल्यावर दारांच्या आणि सिलच्या पोकळीत मेण फवारले आणि पाणी निथळण्याची भोके मोकळी आहेत की नाहीत, हे तारेने तपासले. गंजाची सुरुवात बहुधा अशाच न दिसणाऱ्या जागी होते.

या साऱ्यात अडीच आठवडे गेले आणि डोळ्यांना दिसण्याजोगे काहीच घडले नाही. गाडी राखाडीच होती. धाकट्याची चुळबुळ चालूच होती. अण्णा मात्र रोज संध्याकाळी येत, हात पाठीमागे बांधून उभे राहत आणि परत जात.

लग्नाच्या दिवशी दुधी रंगाची फियाट दारात उभी राहिली. पाहुण्यांनी रंगाचे कौतुक केले. रंगाखालच्या थराची चौकशी कोणी केली नाही. नात गाडीजवळ आली, तेव्हा अण्णांनी बॉनेटवर नेहमीसारखा तळवा टेकला. तो उचलताच चकचकीत रंगावर पुसट ठसा राहिला. जवळच उभ्या असलेल्या धाकट्याने लगबगीने रुमाल काढला.

“असू दे,” अण्णा म्हणाले. “आता त्याने काही होत नाही.”