शेवटची प्रत पुसू देत नाही!

डेटालॅड! ज्यांचा दिवस डेटाच्या फायलींत जातो अशा माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाला फोन लावून हे नाव सांगावं, असं मला झालंय.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची चैन आहे. लिनस टॉरवल्ड्सनं 2005 मध्ये लिनक्सच्या कामासाठी गिट लिहिलं आणि कोणती ओळ कोणी, कधी, का बदलली हे चुटकीसरशी सापडू लागलं. पण एमआरआयचे स्कॅन, ध्वनिमुद्रणं, उपग्रहचित्रं अशा गिगाबाइटी फायली पोटात घातल्या की गिटला धाप लागते. मग डेटा फिरतो पेनड्राइव्हवर, मेलवर, कुणाच्या तरी लॅपटॉपवर. जोई हेसनं 2010 मध्ये गिट-अ‍ॅनेक्स सुरू करून यावर तोड काढली. डेटालॅड हे डेटा सांभाळणारं साधन त्याच पायावर उभं आहे. दोन्ही मुक्त स्रोत, दोन्ही फुकट!

तोड किती साधी! फाइलचं नाव, तिचा इतिहास आणि मजकुरावरून काढलेला चेकसम एवढंच गिट सांभाळतं. अवजड मजकूर दुसरीकडे. सातबारा हातात, जमीन गावी आणि प्रत्येक फेरफाराची नोंद पक्की!

करून पाहायला मी आधी 'स्टडीफॉरेस्ट' हा डेटासंग्रह घेतला. जर्मनीतल्या माग्डेबुर्गमध्ये मिखाएल हांके आणि सहकाऱ्यांनी 20 जणांना एमआरआय यंत्रात झोपवून 'फॉरेस्ट गम्प' चित्रपटाची दोन तासांची श्राव्य आवृत्ती ऐकवली आणि त्यांच्या मेंदूच्या नोंदी 2014 मध्ये जगाला खुल्या केल्या. याच हांकेंनी यारोस्लाव्ह हाल्चेन्को यांच्यासोबत डेटालॅड घडवलं. 'डेटालॅड क्लोन' लिहिलं आणि त्या प्रचंड संग्रहाचा सांगाडा माझ्या साध्या लॅपटॉपवर! डिस्कची जागा जेमतेम व्यापलेली. हव्या त्या एका स्कॅनसाठी 'डेटालॅड गेट' म्हटलं, तेवढाच उतरला. काम झाल्यावर 'डेटालॅड ड्रॉप'. मजकूर गेला, नाव आणि पत्ता राहिला. पुन्हा लागला तर पुन्हा 'गेट'!

आणि मग ज्यानं मला जिंकलं ते. मी नुकतीच तयार केलेली, दुसरीकडे कुठेही न ठेवलेली एक फाइल ड्रॉप करून पाहिली. त्यानं साफ नकार दिला! दुसरी प्रत अस्तित्वात आहे याची खात्री पटल्याशिवाय ते मजकूर सोडत नाही. मुद्दाम वेगळा पर्याय देऊन बजावलं तरच ऐकतं. डेटाची इतकी काळजी घेणारं साधन मी याआधी वापरलेलं नाही.

'डेटालॅड रन' तर याच्याही पुढचं. कोणती आज्ञा चालवली, तिला कोणत्या फायली दिल्या, बाहेर काय आलं हे सगळं इतिहासात नोंदलं जातं आणि 'रीरन' म्हटलं की तीच आज्ञा पुन्हा चालते. म्हणजे अहवालातला आकडा कुठून आला, असं पाच वर्षांनी कुणी विचारलं तर उत्तर डेटाजवळच असेल. मी त्या नोकरीत असो वा नसो! ज्यांच्या कष्टांवर आपलं काम उभं राहतं त्यांचं श्रेय आणि आपल्या निष्कर्षांची विश्वासार्हता, दोन्ही यानं टिकतात.

तुमच्या संस्थेत, प्रयोगशाळेत, अगदी घरच्या संगणकावर जपण्याजोगा डेटा असेल तर वाट बघू नका. एक फोल्डर निवडा, 'डेटालॅड क्रिएट' लिहा आणि आजपासूनचा प्रत्येक बदल नोंदवायला लागा!