शेवटच्या मजल्यावरचे घर

अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलेला सातारा आणि कृष्णेच्या काठी सपाटीवर पसरलेली सांगली ही दोन्ही शहरे एकाच नदीच्या खोऱ्यातील असली, तरी उंचीचे मोल त्या दोहोंत सारखे नाही. आणि म्हणूनच लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली इमारतीतील अगदी वरची सदनिका घ्यावी की न घ्यावी, या प्रश्नाला दोन्हीकडे एकच उत्तर देता येत नाही. असे घर खालच्या मजल्यांहून बहुधा स्वस्त मिळते, आणि मध्यम प्राप्तीच्या कुटुंबास ती सवलत मोठी वाटणे स्वाभाविक आहे. परंतु खरेदीखतात चटई क्षेत्र लिहिलेले असते, चतुःसीमा लिहिलेल्या असतात. जन्मभर चढावयाच्या पायऱ्यांचा उल्लेख त्यात कोठेही नसतो.

जिन्याची परीक्षा दिवाणखान्याच्याही आधी करावी, असे माझे मत आहे. पायरी बेताची आहे की गुडघ्याला जाणवण्याइतकी उंच, दर वळणावर क्षणभर विसावा घेण्यापुरती मोकळी जागा आहे की नाही, कठडा हाताला धड लागतो की नाही, भर दुपारी तेथे दिवा लावावा लागतो काय, खांद्यावर गॅसचे सिलिंडर घेतलेल्या माणसाला वळता येते काय, आणि, हे लिहिताना मन कचरते, तरी लिहिलेच पाहिजे, आजारी माणसाला खुर्चीत बसवून चौघांना सुखरूप खाली आणता येईल काय, एवढे पाहिल्यावाचून विसाराची रक्कम देऊ नये. तिशीतला माणूस घर पाहावयास येतो तेव्हा तो स्वतःच्या पायांनी जिना मोजतो. त्या घरात पुढे राहावयाचे असते ते त्याच्या आईला, आणि कालांतराने साठीतल्या त्याला. ज्यांची मुले-सुना पुण्यास आहेत अशी वृद्ध जोडपी साताऱ्यात थोडी नाहीत. वरच्या मजल्यावर त्यांचे देवदर्शन आधी आठवड्यावर जाते, मग सणावर. समवयस्क स्नेही खालूनच हाक मारून परततात, आणि भाजी आणून देणाऱ्या शेजारच्या मुलावर सारा व्यवहार अवलंबून राहतो. घराची ही किंमत कोणत्याही मूल्यांकनात धरली जात नाही, याचे मला मनापासून दुःख होते.

तथापि साताऱ्यात या उंचीचे जे फळ मिळते तेही सामान्य नव्हे. आषाढात यवतेश्वराच्या बाजूने ढग खाली उतरू लागले, अजिंक्यताऱ्याची तटबंदी क्षणात दिसेनाशी होऊन क्षणात पुन्हा ओली, काळीभोर उभी राहिली, आणि खालच्या पेठांतील कौले व पत्रे एकाच सुरात वाजू लागले, म्हणजे खिडकीशी बसलेल्या माणसाला आपण शहरात आहोत की डोंगरात, याचा निर्णय करवत नाही. डोक्यावर कोणाच्या पाट्या-वरवंट्याचा आवाज नाही, वारा अडविणारी भिंत नाही. मात्र तोच पाऊस गच्चीतून आत यावयाचा मार्गही शोधीत असतो. स्लॅबवरील कोब्याला तडा गेला की श्रावणापर्यंत छताला ओल धरते, गिलाव्याचे पोपडे सुटतात. आणि वैशाखात तोच स्लॅब दिवसभर तापून रात्री उष्णता खाली सोडतो. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून होणाऱ्या पावसाच्या गळतीची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने व्हावयाची असते. परंतु ज्याच्या छताला थेंब दिसत नाही त्याला वर्गणीची निकड भासत नाही, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तेव्हा संस्थेच्या सभेचे इतिवृत्त मागून वाचावे, आणि घर शक्यतो पावसाळ्यातच पाहावे.

सांगलीत विचाराचे पारडे एकदम फिरते. तेथला स्वतःचा पाऊस बेताचा. पण महाबळेश्वराच्या माथ्यावर आणि कोयनेच्या पाणलोटात कोसळलेले पाणी कऱ्हाडास एकत्र होऊन खाली येते, हरिपुराशी वारणा येऊन मिळते, आणि नदीचा फुगवटा शहरात शिरतो. आयर्विन पुलाजवळच्या पातळीचे आकडे सांगलीकरांना पंचांगातील तिथींप्रमाणे मुखोद्गत आहेत: ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांपलीकडे गेले, ऑगस्ट २०१९ मध्ये त्याने ५७ फूट ओलांडले, आणि २०२१ च्या जुलैत ते पुन्हा ५४ फुटांवर येऊन ठेपले. गावभागात, हरभट रोडवर, मारुती चौकात ज्यांनी ते दिवस काढले, त्यांच्यापुढे जिन्याच्या पायऱ्यांची तक्रार कोणी करू नये.

तरीही वरचे घर कोरडे राहते म्हणून ते सुरक्षित असतेच असे नाही. वीज तोडली की मोटर बंद, मोटर बंद की गच्चीवरची टाकी रिकामी. खाली पुरुषभर पाणी उभे असताना प्यावयास घोटभर नाही, औषध संपलेले, आणि वाट पाहावयाची ती नावेची, अशा स्थितीत २०१९ साली कितीतरी कुटुंबे अडकून पडली. शिवाय पाणी चढू लागले की तळमजल्यावरचे बिऱ्हाड जिन्याने वर येते: धान्याचे डबे, गाद्या, मुलांची दप्तरे, देव, दस्तऐवजांची पेटी, आणि त्या सर्वांमागून कठडा धरून चढणारी आजी. त्या वेळी वरच्या घराचा दरवाजा उघडा असावा, ही सांगलीची वहिवाट आहे. ती कोणत्याही दस्तात नोंदलेली नाही, आणि तिच्यावाचून त्या शहरात राहता येत नाही. शेवटचा मजला घेणाऱ्याने ही जबाबदारी किमतीतच धरली पाहिजे.

म्हणून माझा निर्णय असा आहे. साताऱ्यात पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने, देखावा कितीही मोहक असला तरी, लिफ्ट नसेल तर पहिल्या मजल्याच्या वर जाऊ नये. तरुणाने खुशाल जावे, पण आईवडिलांना एकदा जिना चढवून आणल्यावर. सांगलीच्या जुन्या भागात घ्यावयाचेच असेल तर वरचेच घ्यावे, पिण्याच्या पाण्याचा साठा व आवश्यक औषधे आषाढापासून भरून ठेवावीत, पातळी ४० फुटांवर गेली की वृद्धांना व आजाऱ्यांना वेळीच विश्रामबागेकडे हलवावे, आणि एक खोली खालच्या शेजाऱ्यांसाठी मोकळी ठेवावी.