सासवण्याची म्हैस

पुतळा ही आपल्याकडे पत्ता सांगण्याची सोय आहे. "पुतळ्यापाशी उतरा, डाव्या हाताला वळा, तिसरी इमारत." पाहुणा उतरतो, वळतो, जिना चढून चहा घेतो, पण पुतळा कोणाचा होता हे त्याला विचारा, तो पत्नीच्या तोंडाकडे पाहील. तो कोणी घडवला हे विचारण्याचे तर धाडसच करू नका. जयंतीला हार, पुण्यतिथीला हार, एरवी कावळे, असा आपला आणि पुतळ्यांचा वर्षभराचा व्यवहार.

मराठीच्या वर्गात मी एकदा निबंध घातला होता: 'कॉलेजला येताना रोज लागणारा पुतळा.' मुलांनी थोर पुरुषाचे चरित्र जन्मतारखेसह लिहून काढले. पण तो पुतळा कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे, हे फक्त एका मुलीने लिहिले. ती मुलगी वर्गात क्वचितच दिसे. बहुधा पुतळ्यापाशीच थांबत असावी!

शिर्डीचे घ्या. समाधिमंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती ही महाराष्ट्रात सर्वांत जास्त माणसांनी डोळे भरून पाहिलेली शिल्पकृती असावी. तिच्या प्रतिमा रिक्षांत आहेत, दुकानांत आहेत, आमच्या शेजाऱ्यांच्या शीतकपाटावरही आहेत. पण ती बाळाजी वसंत तालीम या मुंबईच्या शिल्पकाराने घडवली आणि १९५४ साली तिची प्रतिष्ठापना झाली, हे रांगेतल्या किती जणांना ठाऊक असेल? तालमांनी त्या बसण्यात जो सैलपणा ठेवला आहे, त्यानेच ती मूर्ती घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखी वाटते. भक्ताला तो बाबांचा प्रसाद वाटतो, आणि त्यात काही गैर नाही. पण त्या प्रसादाला तालमांचेही हात लागले आहेत.

हा विषय यंदा आमच्या घरात एकाएकी ऐरणीवर आला, त्याला कारण आमची धाकटी. बारावीला आहे. गणितात बरे गुण, रसायनशास्त्रात त्याहून बरे. तेव्हा पुढचे सारे ठरल्यासारखेच होते. एके दिवशी जेवताना तिने जाहीर केले की तिला शिल्पकला शिकायची आहे, जे. जे.मध्ये. सौभाग्यवतींचा हात आमटीच्या पळीवर थांबला. "म्हणजे पुतळे?" एवढेच त्यांनी विचारले, पण त्या एका शब्दात चाळीस वर्षांचे घरभाडे, मुलीचे लग्न आणि आमच्या घराण्याची अब्रू एवढे सगळे होते. मी मराठीचा प्राध्यापक. पोटापाण्याच्या बाबतीत माझा सल्ला घरात फारसा मोलाचा मानला जात नाही. मी सुचवले की भांडण्याआधी एकदा शिल्पकाराचे घर तरी पाहून येऊ. सासवण्याला.

निघण्यापूर्वी थोडे मागे जायला हवे. आपल्याकडच्या या नव्या शिल्पकलेची गोष्ट जे. जे.मध्येच सुरू होते. मुंबईच्या त्या शाळेत मुलांपुढे ग्रीक मूर्तींचे प्लॅस्टरचे साचे ठेवलेले असत आणि मुले ते उतरवून हात बसवीत. त्याच शाळेतल्या गणपतराव म्हात्रे नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १८९६ साली प्लॅस्टरमध्ये एक तरुणी घडवली: पूजेचे साहित्य घेऊन देवळाच्या वाटेने निघालेली. 'मंदिरपथगामिनी.' बॉम्बे आर्ट सोसायटीने पदक दिले, बंगालात रवींद्रनाथांनी तिच्यावर लेख लिहिला. ही मूर्ती ग्रीक देवतेची मावसबहीण नव्हे. ती आपल्या आळीतली आहे, आणि लुगडे नेसून चालणाऱ्या बाईच्या पावलात जी लय असते ती तिच्या पावलात आहे. पाश्चात्त्य हत्यारे, पाश्चात्त्य शिस्त, पण बाई मात्र आपली. हा मेळ एका विद्यार्थ्याला साधला याचे मला अजून नवल वाटते.

तर एका डिसेंबरात आम्ही तिघे गेटवेला लाँचसाठी उभे राहिलो. समोर सदाशिव साठे यांनी घडवलेला अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा, १९६१ च्या प्रजासत्ताकदिनी उभारलेला. रांग सोडून धाकटीने त्याला कठड्याबाहेरून पूर्ण फेरी घातली. "मागूनही पुढच्याइतकाच चांगला आहे," ती परत येऊन म्हणाली. सौभाग्यवती म्हणाल्या, "तिकडे लाँच सुटतेय." लाँच तासाभरात मांडव्याला लागते. वाटेत समुद्रपक्षी बोटीच्या मागे मागे येतात आणि मुंबईकर त्यांना गाठी-शेव खायला घालून त्यांची प्रकृती बिघडवतात. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. तेव्हा जाणाऱ्यांनी दसरा उलटल्यावर जावे.

मांडवा-अलिबाग रस्त्यावर थोडे गेले की सासवणे. नारळी-पोफळीच्या वाड्या, मधूनच लालसर पायवाट, आणि हल्ली त्या वाड्यांच्या मध्ये उंच भिंतींआडचे मुंबईकरांचे बंगले. या बंगल्यांच्या फाटकांवर कुत्र्यापासून सावध राहण्याच्या पाट्या असतात. करमरकरांच्या अंगणातही कुत्रा आहे, पण तो सिमेंटचा आहे आणि कोणावर भुंकत नाही.

विनायक पांडुरंग करमरकर १८९१ साली याच गावात जन्मले. घरात गणपती घडवण्याची कला होती, त्यामुळे मुलाचे हात लहानपणीच मातीत गेले. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्याने शिवाजी महाराजांचे चित्र काढले होते. ऑटो रॉथफील्ड नावाचा कुलाब्याचा इंग्रज कलेक्टर फिरतीवर आला, त्याने ते पाहिले आणि चौकशी केली. कलेक्टरने चौकशी केली म्हणजे गावात काय धांदल उडाली असेल, याची कल्पना करा! निघाले ते एवढेच, की साहेबाला मुलगा हवा होता, शिक्षेसाठी नव्हे, जे. जे.त पाठवण्यासाठी. पुढे करमरकर सुरेंद्रनाथ टागोरांच्या आग्रहाने कलकत्त्याला गेले, लंडनच्या रॉयल अकादमीत शिकून आले, आणि शेवटी मुंबईत स्थिरावले.

त्यांचे नाव झाले ते पुण्याच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याने. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात तो उभा आहे. स्मारकाची कोनशिला १९२१ साली बसली होती, आणि मूर्तीचे काम करमरकरांच्या वाट्याला आले तेव्हा हातात वेळ फार थोडा उरला होता. साडेतेरा फुटांची घोड्यावरची मूर्ती ब्राँझमध्ये, तीही एकसंध ओतायची! एरवी एवढी मूर्ती तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडतात. एकसंध ओतायची म्हणजे वितळलेल्या धातूची धार साचा भरेपर्यंत तुटता कामा नये; मध्येच धातू निवला तर शीव पडते आणि महिन्यांची मेहनत भंगारात जाते. माझगावच्या कारखान्यात ते काम पार पडले आणि १९२८ च्या जूनमध्ये अनावरण झाले. आणखी एक गोष्ट पुण्याला गेलात तर जरूर पाहा. घोडा आणि स्वार मिळून केवढा भार, आणि तो पेलणारे घोड्याचे पाय केवढे बारीक! शिल्पकाराची निम्मी विद्या त्या पायांच्या आत, न दिसणाऱ्या ठिकाणी असते.

पण सासवण्याला महाराजांचा दरारा नाही. तिथे गाव आहे. दीडशेच्या आसपास शिल्पे घरात आणि अंगणात मांडलेली. करमरकरांच्या राहत्या जागेचेच हे शिल्पालय. शंख फुंकणारा माणूस आहे, त्याच्या गालांत आणि छातीत कोंडलेला वारा बघणाऱ्यालाही दम लावतो. कोळणी आहेत. त्यातल्या एकीच्या उभे राहण्यात बाजारातली जी ऐट आहे, ती पाहून सौभाग्यवती पुटपुटल्या, "ही भाव कमी करणार नाही." कलासमीक्षा म्हणून हे वाक्य मला तरी पुरेसे वाटले.

आणि म्हैस. अंगणात बसलेली, पूर्ण आकाराची. लांबून आम्हाला ती खरीच वाटली. म्हशीच्या अंगात जो एक जडपणा असतो, जगात काहीही होवो मी आता उठणार नाही असा, तो त्या सिमेंटमध्ये पुरता उतरला आहे. राजेरजवाड्यांना आणि पुढाऱ्यांना ब्राँझ आणि संगमरवर मिळते. त्याचे पैसे समित्या देतात. म्हशीसाठी समिती कोण नेमणार? म्हणून करमरकरांनी गावातल्या माणसांसाठी आणि जनावरांसाठी सिमेंट निवडले असावे, असा माझा तर्क आहे. स्वस्त, हाताशी असलेले आणि मातीसारखे थापता येणारे. मात्र ते मातीइतके दयाळू नाही. माती आठवडाभर ओल्या फडक्याखाली थांबते. सिमेंट काही तासांत धरते. एकदा धरले की चूक पोटात घालून बसते.

धाकटी म्हशीपाशी उकिडवी बसली आणि तिने वही काढली. चित्र काढील असे मला वाटले. पण ती दोऱ्याने मापे घेत होती. शिंगापासून डोळा, डोळ्यापासून नाकपुडी, खांद्याचा उंचवटा. मग मान वर करून म्हणाली, "बाबा, ही खरी म्हैस नाहीये. खांदा मुद्दाम मोठा केलाय. म्हणून ती जड वाटते." मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो की साहित्यात वास्तव जसेच्या तसे येत नाही, ते रचावे लागते. मुले ते उतरवून घेतात आणि परीक्षेत परत करतात. इथे ते एका पोरीने दोऱ्याने मोजून काढले होते.

सौभाग्यवतींचे लक्ष दुसरीकडे होते. शिल्पालय दाखवणाऱ्या गृहस्थांना त्यांनी सरळच विचारले, "अहो, यातून पोट भरतं का?" गृहस्थ हसले. "करमरकरांना पद्मश्री मिळाली होती," असे त्यांनी उत्तर दिले. "ते मी वाचलं," सौभाग्यवती म्हणाल्या, "मी पोटाचं विचारत होते." प्रश्न तिथेच राहिला, आणि तो वाजवी होता. शिल्पकाराला चित्रकारासारखे कागदावर भागत नाही. त्याला जागा लागते, लोखंड लागते, ओतशाळेचा खर्च लागतो, आणि हे सगळे कोणीतरी काम सांगितल्याशिवाय होत नाही. तिकडे काम सांगणाऱ्यांना आता उंचीचा ध्यास लागला आहे. पुतळा किती मीटरचा हे आधी ठरते, चेहरा मागाहून.

परतीच्या आधी मी एकदा सगळ्या शिल्पांवरून हात फिरवल्यासारखी नजर फिरवली. समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. खारा वारा सिमेंटच्या बारीक भेगांतून आतल्या सळ्यांपर्यंत पोचला की लोखंड गंजते, फुगते आणि सिमेंटला आतून फोडते; हे कोकणातल्या कोणत्याही घरमालकाला विचारावे. करमरकर १९६७ साली गेले. तेव्हापासून या शंख फुंकणाऱ्याला आणि या कोळणींना माणसांनी जपले आहे, आणि ते काम दर पावसाळ्यानंतर नव्याने पुढे असते. भोवतालच्या जमिनीचे भाव तर विचारायलाच नकोत. मुंबईत एवढा पैसा असताना, एका लाँचच्या अंतरावरच्या या अंगणात आमच्याखेरीज त्या सकाळी दोनच माणसे होती, आणि त्यांतले एक पाणी प्यायला आले होते.

परत जाताना लाँच टाळून आम्ही पेणवरून रस्त्याने निघालो. पेणला गणपतीच्या कारखान्यांतून डिसेंबरातही काम चालू असते. पुढच्या भाद्रपदाची तयारी तेव्हापासूनच. एका कारखान्यासमोर सौभाग्यवतींनी गाडी थांबवायला सांगितली. आत ओळीने बिनरंगी गणपती सुकत होते. एक पोरगा सोंडेला वळण देत बसला होता. धाकटी त्याच्या अंगठ्याकडे पाहत उभी राहिली ती हलेना.

"शाडू किलोवर मिळते का?" सौभाग्यवतींनी मालकांना विचारले.

मालक म्हणाले की शाडू गुजरातेतून येते, पोत्यानेच घ्यावी लागेल. सौभाग्यवतींनी भाव विचारला. त्यांनी सांगितला. सौभाग्यवतींनी निम्मा सांगितला. पंधरा मिनिटे ती घासाघीस चालली आणि मला सासवण्याच्या कोळणीची आठवण झाली, पण मी ती बोलून दाखवली नाही. शेवटी पोते गाडीच्या मागच्या भागात चढले, आणि आमच्या बॅगा मांडीवर आल्या.

"बारावीचा निकाल लागेपर्यंत गॅलरीत काय करायचं ते कर," खोपोलीच्या अलीकडे त्या म्हणाल्या. "रसायनशास्त्राचं पुस्तक मात्र मिटायचं नाही."

धाकटीने होकार दिला आणि विचारले, "आई, पोत्यावर ओलं गोणपाट घालायचं, का नुसतं प्लॅस्टिक?"