बंद घराची राखण

बीड जिल्ह्याला घर बंद करून जाणे नवीन नाही. दसरा-दिवाळी झाली की ऊसतोड कामगार बिऱ्हाड पाठीवर घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाच-सहा महिने घराला कुलूप असते. पण गावात म्हातारी माणसे मागे राहतात. कोणाच्या दाराशी कोण आले, हे त्यांना ओट्यावर बसल्या बसल्या कळते. आम्ही वस्तीतून बीड शहरातल्या तीन मजली इमारतीत राहायला आलो, तेव्हा नळ, संडास, न्हाणी सारे घरातच मिळाले. तो ओटा मात्र वस्तीतच राहिला. इथे बारा फ्लॅट आहेत. नवरा-बायको कामावर, मुले शाळेत. दुपारी जिन्यावरून कोण चढले-उतरले, कोणालाच ठाऊक नसते.

त्यातून आपली घरे कधी बंद असतात, हे साऱ्या गावाला पाठ असते. १४ एप्रिलच्या संध्याकाळी घरातले लहानथोर मिरवणुकीत असतात. दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, मे महिन्यात लग्ने. जाणे तर थांबवायचे नाही, मग निघण्यापूर्वी काय करावे?

चोरीच्या बातमीत ‘कडीकोयंडा तोडून’ हे शब्द बहुतेक वेळा असतात. चोर कुलूप फोडत बसत नाही. तो टॉमी घालून कोयंडा उचकटतो. महागडे कुलूप आणि कोयंड्याला अर्ध्या इंचाचे स्क्रू, याला अर्थ नाही. सुताराकडून कोयंडा आरपार नट-बोल्टने बसवून घ्यावा. शक्य असेल तर दारातच बसणारे कुलूप लावावे, कारण बाहेर लोंबणारे कुलूप घर रिकामे असल्याची दवंडीच पिटते. उन्हाळ्यात सगळे गच्चीवर झोपतात, तेव्हा खालच्या दाराला कुलूप घालून किल्ली उशाशी ठेवावी. रात्रीचे चोर शेजाऱ्यांच्या कड्या बाहेरून लावून ठेवतात, म्हणून शेजाऱ्यांचे फोन नंबर प्रत्येक घरी भिंतीवर लिहिलेले असावेत.

दुपारी बाई एकटी असताना ‘दागिने पॉलिश करून देतो’ म्हणत कोणी आले, तर जाळीचा दरवाजा उघडू नये. रस्त्यात आजीला गाठून ‘आम्ही पोलीस आहोत, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा’ असे सांगणाराही भामटाच समजावा. खरा पोलीस दागिने काढायला लावत नाही. बचत गटाची रक्कम रात्रभर घरात ठेवू नये.

आपल्या कपाटात सोन्याइतकीच मोलाची आणखी एक वस्तू असते. ती म्हणजे जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र आणि मुलांच्या गुणपत्रिका. चोर पैशाच्या शोधात हे कागदही विस्कटतो, फाडतो. त्यांच्या झेरॉक्स प्रती दुसऱ्या नातेवाइकाकडे ठेवाव्यात. दागिन्यांचे फोटो आणि सराफाच्या पावत्याही तशाच जपाव्यात.

इतके करूनही चोरी झालीच तर ११२ वर फोन करावा आणि पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे फिर्यादीची प्रत मोफत मिळते. ठाण्यात फिर्याद घेतली नाही, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी कळवता येते. हात हलवत परत येऊ नये.

आता जी गोष्ट सांगायला आम्ही लेखणी हाती घेतली, ती सांगतो. आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर चोरी झाली. पोलीस यायच्या आधीच जिन्यात निकाल लागला होता. गल्लीत भंगार वेचायला येणारी भटक्या जमातीची एक बाई होती, तिचेच नाव घेतले गेले. कोणी काही पाहिले नव्हते. ‘ती जातच तसली,’ एवढाच पुरावा. दोघेतिघे तिला धरून आणायला निघाले होते. आम्ही जिन्यातच आडवे उभे राहिलो आणि पोलिसांना येऊ द्या म्हणालो. चोर अजून सापडलेला नाही. ती बाई मात्र त्या दिवसापासून आमच्या गल्लीत फिरकली नाही.

संशय किती लांब जातो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात बाजाराच्या दिवशी मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा उठली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. ते भिक्षा मागायला आले होते. २०२४ च्या पावसाळ्यात आपल्या बीड जिल्ह्यात रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात, अशी चर्चा होती. गावोगावी लोक रात्र-रात्र जागले. अशा जागरणात एखादा अनोळखी वाटसरू सापडला असता तर?

इंग्रज सरकारने १८७१ साली कायदा करून कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला, जिन्यातल्या बोलण्यातून अजून गेलेला नाही. भाड्याने खोली शोधताना ज्यांना आधी आडनाव विचारले गेले, त्यांनी तरी हा कायदा आपल्या दारी पुन्हा चालू देऊ नये. माणूस काय करतो हे पाहावे. रिकाम्या घराची कडी हलवणारा, बनावट ओळखपत्र दाखवणारा, कोणाकडे जायचे ते सांगता न येणारा कोणीही असो, त्याला विचारावे आणि पोलिसांना कळवावे. हात उगारू नये.

आमच्या इमारतीत आता एक वही आहे. गावाला जाणारा तीत आपले नाव आणि परतण्याची तारीख लिहितो. त्याच मजल्यावरचे शेजारी संध्याकाळी त्याच्या दारापुढचा दिवा लावतात आणि पेपर, दुधाची पिशवी उचलून ठेवतात. याला पैसा लागत नाही. वस्तीतला ओटा जिन्यात आणता येतो, एवढे आम्हाला कळले आहे.