खणाखालचे आकडे

आमच्या लहानपणी कपाट विकत आणत नसत, करवून घेत. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून बल्लारशाचा साग हातगाडीवरून घरी यायचा. मग एखादा बरा दिवस पाहून सुतारकाका हत्यारांची पिशवी खांद्याला लावून दारात उभे राहायचे. पहिल्या फळीला हळदकुंकू लागायचं, नारळ फुटायचा आणि त्यानंतरच करवत चालायची.

आता मापं घ्यायला मॉड्युलर किचनवाला येतो. लेझरनं भिंत मोजतो, पडद्यावर आपलं स्वयंपाकघर आधीच दाखवतो. ठरल्या दिवशी टेम्पो येतो आणि दोन दिवसांत सगळं जागच्या जागी बसतं. हे सुखाचं आहे, यात मला शंका नाही. आमचं एक कपाट व्हायला दोन महिने लागले होते. मध्येच काका आठ-आठ दिवस फिरकत नसत, भुशानं आजीचा दमा उसळायचा आणि आई पसाऱ्यातून वाट काढत स्वयंपाक करायची. काकांच्या हाताखाली त्यांचा मुलगा होता, आमच्याच वयाचा. आम्ही दप्तर घेऊन शाळेला निघायचो, तेव्हा तो फळीचं दुसरं टोक धरून बसलेला असायचा. हे आठवलं की कपाटाचं कौतुक करताना जीभ अडखळते.

तरीही आठवतो तो रंधा. काका त्याचं पातं दगडावर पाजवायचे, नखावर धार पाहायचे आणि हातोडीची हलकी टिचकी देऊन ते बसवायचे. मग लांब हात टाकत रंधा फळीवरून सरकायचा आणि कागदासारखी पातळ सालपटं गोल गुंडाळून आमच्या पायाशी पडायची. आम्ही मुली त्यांच्या बांगड्या करायचो. भुसा आईच्या शेगडीला जायचा. मधोमध बाटली उभी करून भोवती तो ठासून भरायचा, बाटली हलकेच ओढून घ्यायची आणि खालून पेटवायचा. कपाट पुरं व्हायच्या आधीच त्याच्या भुशावर आमचं आंघोळीचं पाणी तापत होतं.

आता प्लाय येतो आठ बाय चार फुटांचा, एका जाडीचा, सरळ. कटिंग मशिन किंचाळतं आणि पाच मिनिटांत फळी कापून होते. त्या भुशाला डिंकाचा वास येतो, तो पोत्यात भरून टाकून द्यायचा.

तेव्हा डिंक म्हणजे सरस. जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गरम पाण्यात ठेवलेल्या डब्यात शिजवलेला. त्याचा वास आजीला सोसत नसे, म्हणून चूल मागच्या अंगणात लागायची. १९५९ साली फेव्हिकॉल आलं, पुढे सरसाची चूल विझली आणि त्याचं दुःख कोणी केलं नाही, मीही नाही. पण काकांचा भरवसा सरसावर नव्हताच, तो कुसवावर होता. पटाशीनं खाच पाडायची, कुसू तासायचं, घालून पाहायचं, काढायचं, पुन्हा केसभर तासायचं. दारातली फळी मात्र ते चौकटीच्या खाचेत मोकळी ठेवायचे, चिकटवायचे नाहीत. विचारलं तर म्हणाले, ‘‘पावसाळ्यात लाकूड फुगतं, बाळ. त्याला हलायला जागा नको?’’

मागच्या वर्षी सिंकखालचा नळ गळला आणि पार्टिकल बोर्डाचा तळ पावासारखा फुगला. दुरुस्तीला आलेला मुलगा फार सालस होता. ‘‘हे तासता येत नाही, मावशी, पूर्ण बॉक्स बदलावा लागेल,’’ म्हणाला. त्याचं बरोबरच होतं. घरोघरी सागच हवा म्हटलं तर जंगलं पुरायची नाहीत, झाड तयार व्हायलाच ६० ते ८० वर्षं लागतात. ते समजतं, आणि तरी बॉक्स उचलून नेला तेव्हा त्या जागेकडे पाहताना काही वाटलं नाही, याचंच वाईट वाटलं.

जुनं कपाट माझ्याकडे आहे. पावसाळ्यात त्याचा खालचा खण अडकतो. आषाढ लागला की मी तो बाहेर काढून उलटा करते. खाली काकांच्या पेन्सिलीचे आकडे अजून वाचता येतात. दोन्ही तुकड्यांवर तीन-तीन, चार-चार, कोणतं कुसू कोणत्या खाचेचं ते कळावं म्हणून. तीनच्या आकड्याचं शेपूट लांब आहे. आकड्यांना धक्का न लावता मी दोन्ही कडांना मेणबत्ती घासते आणि खण परत आत लोटते.