नागद्वारची वाट कुणाच्या हिशेबात?

नागपूर,
आषाढ वद्य पक्ष

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

क्रीटहून पाठवलेलं तुझं पत्र मिळालं. सामारियाच्या घळीबद्दल तू भरभरून लिहिलं आहेस आणि शेवटी आम्हाला एक टोलाही हाणला आहेस: ग्रीकांनी आपल्या बेटांवरच्या जुन्या पायवाटा जपल्या, आपल्याकडे डोंगर असून चालायची आवड नाही, आणि विदर्भात तर मुळीच नाही. पहिलं वाक्य मला मान्य आहे. दुसऱ्याबद्दल भांडायचं आहे. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची भटकंती म्हणजेच डोंगरातलं चालणं, असं पुण्या-मुंबईकडच्या लोकांनी ठरवलं आणि आपणही ते मुकाट मान्य केलं. माझं म्हणणं असं की विदर्भाला कुणी चालायला शिकवण्याची गरज नाही. चालणारे आहेत, वाटाही आहेत. त्या वाटांची वर्षभराची जबाबदारी कुणाची, एवढंच कुणी ठरवलेलं नाही.

येत्या श्रावणाकडे बघ. नागपंचमीच्या आगेमागे एसटी गणेशपेठ बसस्थानकावरून सातपुड्यातल्या पचमढीच्या जादा गाड्या सोडते. त्यांतून उतरणारी माणसं धूपगडच्या बाजूने जंगलात शिरतात आणि काजरी, पद्मशेष, चिंतामण, चित्रशाळा माता, स्वर्गद्वार अशी ठाणी करत नागद्वार या गुहेतल्या नागदेवाच्या स्थानाचा फेरा पुरा करतात. वर धो धो पाऊस, खाली निसरडा खडक, उभ्या कातळाला टेकवलेल्या लोखंडी शिड्या आणि शिडीच्या तोंडाशी थांबलेली रांग. त्या रांगेत लुगड्याचा काष्टा मारलेल्या म्हाताऱ्या असतात, शेतमजूर असतात, पाठीवर पोर बांधलेले बाप असतात. या दहा-बारा दिवसांत चालणाऱ्यांचा आकडा लाखांच्या घरात जातो. महाशिवरात्रीला हीच मंडळी पचमढीजवळच्या चौरागडावर महादेवासाठी त्रिशूळ घेऊन चढतात. पायऱ्या तेराशेच्या आसपास. काही त्रिशूळ हातात मावणारे, तर काही इतके जड की चार-सहा जणांनी आळीपाळीने खांदा द्यावा. माथ्यावर शेंदूर लावलेल्या, गंज चढलेल्या त्रिशुळांचा खच पडलेला असतो. ज्या मुलखातले शेतमजूर नवस फेडायला लोखंड खांद्यावर घेऊन सातपुडा चढतात, त्या मुलखाला चालायची आवड नाही म्हणणं धाडसाचं आहे.

ही वाट आजकालची नाही. कॅप्टन जेम्स फॉर्सिथ 1862 साली पचमढीच्या पठारावर आला. त्याचं मध्य भारतातल्या डोंगराळ मुलखावरचं पुस्तक 1871 साली निघालं आणि त्यात महादेवाच्या यात्रेचं वर्णन आहे. म्हणजे साहेबाने पठार ‘शोधलं’ तेव्हा यात्रेकरूंची वहिवाट आधीच पडलेली होती. नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होतीच, पुढे पचमढी ही त्या प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. साहेबांसाठी बंगले उठले, रस्ते झाले. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ इकडे आला आणि पचमढी तिकडे राहिली. सरकारी कचेऱ्यांची ये-जा त्या दिवशी संपली, यात्रेकरूंची संपली नाही. छिंदवाड्याकडून जाणाऱ्या जुन्या वाटेवर जुन्नारदेवजवळ ‘पहिली पायरी’ नावाचं शिवस्थान आजही आहे. चौरागडचा चढ तिथून बराच लांब असला तरी यात्रा तिथूनच सुरू झाली असं मानतात. पुढे भूराभगत हे ठाणं लागतं. ठाणी ठरलेली, मुक्कामांची ओळख पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली, आणि सारं चालणाऱ्यांच्या तोंडी. युरोपात अशा वाटेला क्रमांक देऊन तिची पुस्तिका छापतात. आपल्याकडे तिची नोंद पोलीस बंदोबस्ताच्या कागदात होते, आणि यात्रा उठली की तो कागद फायलीत जातो.

आता तुझ्या सामारियाकडे येऊ. तिथलं राष्ट्रीय उद्यान 1962 साली झालं, क्री-क्री नावाच्या रानबकऱ्याला आसरा मिळावा म्हणून. घळीतल्या सामारिया गावच्या लोकांना त्या वेळी उठावं लागलं. आज साधारण मे ते ऑक्टोबर वाट खुली असते. वरच्या टोकाला तिकीट घ्यायचं, दिवसाउजेडी सोळा किलोमीटर उतरून समुद्राशी आगिया रूमेलीला पोचायचं, मुक्काम करायचा नाही आणि बाहेर पडताना तिकीट दाखवायचं, म्हणजे आत कुणी राहिलं नाही हे कळतं. पाऊस किंवा उष्मा वाढला की दरवाजा बंद. यात थोर तंत्रज्ञान कुठलंही नाही. रानबकरा महत्त्वाचा, वाटही महत्त्वाची आणि चालणारा माणूसही महत्त्वाचा, असं मानून तिघांचा हिशेब एका खात्याकडे दिला, इतकंच. नागद्वार हेही सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात आहे, तेही वर्षातला ठरावीक काळच खुलं होतं. फरक पडतो तो वाट बंद असतानाच्या दिवसांत. तिथे त्या काळात दरडी बघतात, कठडे दुरुस्त करतात, पुढच्या हंगामाची तयारी करतात. इथे पुढची नागपंचमी तोंडावर आली की शिड्यांची आठवण होते.

यावर तू म्हणशील, ही तर भक्ती आहे, डोंगराची ओढ नव्हे. उद्या मोटार थेट गुहेशी गेली तर कोण चालेल? प्रश्न बरोबर आहे, पण तोच ग्रीक बेटांनाही लागू पडतो. तिथल्या दगडी फरसबंदीच्या वाटा मौजेसाठी कुणी बांधल्या नव्हत्या. खेचरांवरून धान्य न्यायला, शेताच्या पायऱ्यांवर जायला, मठात आणि चॅपलात पोचायला त्या झाल्या. सामारिया हे नावच मुळी तिथल्या ओसिया मारियाच्या देवळावरून पडलं. मोटाररस्ते आल्यावर त्यांतल्या कितीतरी वाटा झुडपांत गडप झाल्या आणि मग गिर्यारोहकांनी व गावकऱ्यांनी निवडून निवडून काही मोकळ्या केल्या. वाट कामासाठी पडते. तिची गोडी नंतर लागते. शिवाय नागद्वारला जाणाऱ्याला डोंगर दिसत नाही हे तुला कुणी सांगितलं? नागदेवाला काजळ घालायचा नवस बोललेल्या बाईची गोष्ट काजरीला जोडलेली आहे. प्रत्येक सुळक्याला आणि गुहेला नाव आहे, प्रत्येक नावाला गोष्ट आहे. डोंगराकडे लक्ष नसलेली माणसं एवढी नावं ठेवत नाहीत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो जंगलवाल्यांचा आहे. लाखो माणसं, त्यांचं प्लास्टिक, चुली, उघड्यावरचा शौच, रात्रभरचे भोंगे, आणि हे सगळं ऐन पावसाळ्यात. मध्य प्रदेशातल्या व्याघ्र प्रकल्पांचे गाभ्यातले दरवाजे पर्यटकांच्या जिप्सींना जुलै ते सप्टेंबर बंद असतात, आणि नेमकी तेव्हाच ही यात्रा भरते. त्याच सातपुड्यातून वाघासाठी अनेक गावांचं पुनर्वसन झालं. ज्यांनी घरं सोडली त्यांनी यात्रेकरूंच्या झुंडी बघून काय समजायचं? हे मी उडवून लावणार नाही. म्हणूनच वाट बारमाही खुली करा, असं मी म्हणत नाही. दिवस आहेत तेवढेच राहू द्यावेत. पण माणसं येणारच असतील तर त्यांना मोजून आत सोडणं, प्लास्टिकच्या बाटलीवर अनामत घेऊन परतीला ती देणं, संडासांची आणि पाण्याची जागा आधी ठरवणं आणि वाटेच्या कडा बांधून माणसांना जंगलात पसरू न देणं यांतच जंगलाचं हित आहे. बंदी घातली तर वाट बंद होणार नाही, चोरवाटा दहा फुटतील, आणि चोरवाटेवर ना शिडी असते ना डॉक्टर.

तिसरा आक्षेप नागपुरातच ऐकू येतो: पचमढी मध्य प्रदेशात, मग आपण कशाला डोकं घालायचं? कारण चालणारे बहुतांशी आपले आहेत. वाटेवर भंडारा लावणारी मंडळंही पुष्कळशी नागपूर-विदर्भातली. शिधा कुठवर वाहनाने जातो आणि कुठून डोक्यावर न्यावा लागतो, कोणता ओढा किती पावसाने अडतो, रांग कुठे तुंबते, हे या मंडळांच्या जुन्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ आहे. कुठल्याही सल्लागाराच्या अहवालात ते मिळणार नाही. दोन राज्यांनी आणि वनखात्याने या माणसांना यात्रेच्या आठवडाभर आधी सूचना ऐकवायला बोलावण्याऐवजी वर्षातून दोनदा त्यांचं ऐकायला बोलावावं. आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांची सोय म्हणून कुणी रोपवे किंवा सिमेंटचा रस्ता पुढे केला तर आधी रामटेकला जाऊन यावं. तिथे गडमंदिरापर्यंत गाडीरस्ता आहे आणि अंबाळा तलावाकडून चढणाऱ्या जुन्या पायऱ्याही आहेत. ज्याला चढवत नाही त्याची सोय झाली, ते चांगलंच झालं. पण गाडी वर जाते म्हणून पायऱ्यांकडे दुर्लक्ष करणं हा सोयीचा भाग होऊ शकत नाही. रामटेकची टेकडी निदान शहराला लागून आहे. सातपुड्याच्या गाभ्यात मात्र रस्ता गेला की जंगलही गेलं आणि वाटही.

तेव्हा क्रीटकडून घ्यायचं ते एवढंच: वाटेला मालक नसला तरी चालतं, राखणदार लागतो. चालणारे आपल्याकडे त्यांच्याहून कमी नाहीत, उलट कितीतरी जास्त आहेत, आणि त्यांना कुठल्याही जाहिरातीची गरज पडलेली नाही. तू नकाशे काढण्याचं काम करतेस. या श्रावणात सुटी घे, मंडळाच्या एखाद्या जुन्या कार्यकर्त्याला सोबत घे आणि रीतसर परवानगीने नागद्वारच्या फेऱ्याचा नीट नकाशा काढ: ठाणी, अंतरं, शिड्या, पाणी, धोक्याची वळणं, मराठीत आणि हिंदीत. पचमढीच्या वनखात्याला एक प्रत दे आणि इथल्या मंडळांना एकेक. बाकीचं मागणं आपण मग कागद हातात धरून करू.

तुझा,
काका