संरक्षण हवे, ताटातूट नको

नातवाला मांडीवर घेऊन वरणभाताचे घास भरवणे ही आपल्याला मायेची सहज रीत वाटते. २०११ मध्ये नॉर्वेतील स्टॅव्हेंजर येथे एका बंगाली दांपत्याची दोन लहान मुले बालकल्याण यंत्रणेने ताब्यात घेतली. हाताने भरवणे आणि मुलाने वडिलांजवळ झोपणे, यांवरही आक्षेप होता, असे पालकांनी सांगितले. ते वाचून माझ्यातल्या आजीचा जीव कासावीस झाला. मुले २०१२ मध्ये भारतात परतली. पुढच्या वर्षी कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांचा ताबा आईकडे सोपवला.

नॉर्वेतील पालकही न्यायासाठी झगडत राहिले. मूल दत्तक दिल्या गेलेल्या एका मातेच्या खटल्यात, १० सप्टेंबर २०१९ रोजी, युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाल्याचा निर्णय दिला. मायलेकरांच्या भेटी इतक्या विरळ होत्या, की नाते टिकावे कसे?

मारहाण वा हेळसांड सोसणाऱ्या मुलाला कायद्याचा आधार हवाच. मात्र आधी कुटुंबाला मदत मिळावी, ताटातूट हा शेवटचा उपाय असावा आणि तेव्हाही भेटींचा धागा तुटू नये.

लेकीसुनेच्या बाळंतपणासाठी परदेशी जाणार असाल, तर तेथील नियम आधी समजून घ्या. नॉर्वेत मुलाला चापट मारणेही बेकायदेशीर आहे. बाळाच्या आईला पुरेशी झोप मिळू द्या, ती खचलेली दिसली तर वेळीच डॉक्टरांकडे न्या. सावरलेली आई हे बाळाचे पहिले संरक्षण होय.